डबा ऱ्हाऊ द्या, चिप दावा

भेंडी घेताना टोक मोडून बघणारी गिऱ्हाइकं प्रत्येक मंडईत असतात. कॉम्प्युटरच्या दुकानात असलं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच बघितलं. दिनकर कांबळे, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, राहणार मंगळवार पेठ. दुकानात आले की ते आधी खिशातून चष्म्याचं घर काढायचे. त्यात चष्मा नसायचा, भिंग असायचं. मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणायचे, "डबा ऱ्हाऊ द्या मालक. चिप दावा."

डब्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "डब्यावर काय बी छापत्यात. ह्या डब्यावर वाघ हाय. आत वाघ हाय का?" मी डबा फोडायचा, आतलं हिरवं कार्ड त्यांच्या हातात द्यायचं, आणि ते त्यावरच्या काळ्या चिपवरची मुंगीएवढी अक्षरं एकेक करून वाचायचे. वाचताना ओठ हलायचे. दहातल्या नऊ वेळा मान नकारार्थी हलायची, आणि मी तो फोडलेला डबा परत चिकटवत बसायचो.

हे दोन हजार सालच्या आसपासचं. कोल्हापुरात राजारामपुरीतलं माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान तेव्हा नुकतं कुठं बरं चालायला लागलं होतं. लोक कॉम्प्युटर म्हैस घ्यावी तसा घ्यायचे. घरातली चार-पाच माणसं मिळून यायची, त्यात एक जाणता असायचा, तो सगळीकडून हात फिरवून बघायचा, आणि शेवटी "विंडोज घालून द्या की" म्हणून मंडळी निघायची. कांबळेसाहेबांना विंडोज नको होतं. त्यांना दुसरीच एक सिस्टीम हवी होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण लिहून तुम्हाला ओळख पटायची नाही. ती तयार करणारी परदेशातली कंपनीसुद्धा पुढं बंद पडली. कांबळेसाहेब तिला "आपली शिस्टीम" म्हणायचे. आपली म्हणजे त्यांची, आणि ऐकून ऐकून थोडी माझीही.

ती त्यांना भेटली एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत. ऑफिसातले साहेब रजेवर होते, मशीन मोकळं होतं, यांनी सीडी घातली. "चहा सांगितलता मालक. चहा यायच्या आत चालू! चहावाला बी बघत ऱ्हायला." त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

आता अडचण अशी होती, की कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला सिस्टीमशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी तो बनवणारी कंपनीच देते. या सिस्टीमसाठी मात्र जगाच्या पाठीवर कुठंतरी कुणा हौशी माणसानं तो स्वतः लिहिलेला असावा लागायचा. त्यानं तो ज्या चिपसाठी लिहिला, तीच चिप चालायची. आणि कंपन्या तर अशा, की डबा तोच, नंबर तोच, पण पुढच्या खेपेला आतली चिप वेगळी. म्हणून ते भिंग.

त्यांच्याजवळ एक वही होती. ड्रॉइंगला टाकतात तसल्या सरळ, सुटसुटीत अक्षरांत तीन रकाने आखलेले होते: चालतं, चालत नाही, सांगता येत नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब. पुढंपुढं त्यांनी माणसंही त्यात घालायला सुरुवात केली. माझे मेव्हणे एकदा दुकानात आले, अर्धा तास राजकारणावर बोलले आणि गेले. कांबळेसाहेब त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाले, "तिसऱ्या रकान्यातला हाय."

एक कॉम्प्युटर निवडायला त्यांनी चौदा महिने घेतले. मदरबोर्ड ठरला तर त्यावर साउंड कार्ड जमेना, साउंड कार्ड जमलं तर पडद्यावर रंगच येईनात. मी वैतागून म्हणालो, "साहेब, एवढ्या वेळात पत्रिका बघून लग्न जमलं असतं." ते शांतपणे म्हणाले, "आमच्यात पत्रिका बघत न्हाईत मालक. चिप बघतो." आणि स्वतःच इतके हसले, की भिंग खाली पडता पडता राहिलं.

शेवटी मशीन उभं राहिलं. दुकानातच त्यांनी सीडी घातली, आणि खरंच, चहा यायच्या आत पडदा उजळला. त्यांनी टाळी वाजवली. मी विचारलं, "झ्याक. आता ह्यात करायचं काय?" ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसं काही मी बाळ बघायला जाऊन त्याचा पगार विचारला होता. "चालू झालं की!" म्हणाले.

दुसरा आणि चौथा शनिवार सरकारी सुट्टीचा. त्या दोन शनिवारी सकाळी साडेदहाला कांबळेसाहेब दुकानात हजर. काही घ्यायचं असो वा नसो. बायको मलकापूरकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती तिकडंच राहायची आणि रविवारी घरी यायची. मूलबाळ नव्हतं. ऑफिसातली मंडळी त्यांना बघून फायलीत तोंड घालायची. त्यामुळं आठवडाभर साठलेलं सगळं माझ्याकडं रितं व्हायचं. अमुक चिपचा ड्रायव्हर तमुक देशातल्या पोरानं लिहायला घेतलाय, पण त्याची परीक्षा आहे, म्हणून थांबलंय. हे ते घरातल्या भाच्याबद्दल बोलावं तसं काळजीनं सांगायचे.

मी ऐकायचो. म्हणजे तसं दिसायचं. काउंटरसमोर ते ज्या जागी उभे राहायचे, त्याच्या बरोबर मागं भिंतीवर घड्याळ होतं. मी घड्याळाकडं बघत असायचो आणि त्यांना वाटायचं, मालक आपल्याकडं बघतायत. या युक्तीचा मला तेव्हा अभिमानही होता. बायकोला मी ती हसून सांगितली होती.

त्यांची नजर मात्र खरीच तीक्ष्ण होती. विकलेल्या प्रत्येक वस्तूवर आम्ही दुकानाचं छोटं कागदी स्टिकर लावायचो. त्यावर दुकानाचं नाव आणि बारा महिने छापलेले असायचे. ज्या महिन्यात विकलं, त्यावर मार्करनं टिक करायची. स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली, हेही त्यावरच छापलेलं असायचं. एकदा ते म्हणाले, "मालक, तुमची टिक उलटी हाय." मी डावखुरा. माझ्या टिकेची लांब रेघ उजवीकडं जायच्याऐवजी डावीकडं जाते. चाळीस वर्षांत हे माझ्या आईच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग एका शनिवारी ते फुललेल्या चेहऱ्यानं आले. "मालक, माणूस घावला!"

त्या सिस्टीमवाल्यांची इंटरनेटवर एक यादी होती. कुणी काही विचारलं, की ते सगळ्यांना जायचं. तिथं त्यांना वाशीमचे इंगळे सर भेटले होते. शाळामास्तर, वय पन्नाशीचं, आणि तीच सिस्टीम. अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा माणूस. "आता आमची संघटना झाली," ते म्हणाले. "दोन माणसं. अध्यक्ष कोण करायचा त्येवर चर्चा चालू हाय." नंतरचे कितीतरी शनिवार इंगळे सरांचे होते. सरांची पत्रं यायची, ती ते मला वाचून दाखवायचे. सर विनोदी लिहायचे. मी घड्याळ बघत हसायचो.

सरांची एकच अडचण होती. त्यांच्याकडं चालणारा मोडेम नव्हता, त्यामुळं घरच्या मशीनवरून इंटरनेट लागायचं नाही, सायबर कॅफेत जावं लागायचं. बाजारातले बहुतेक स्वस्त मोडेम विंडोजच्या जिवावर चालायचे. स्वतःच्या चिपवर चालणारं एकच कार्ड होतं. कांबळेसाहेबांनी ते दोन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलं होतं. वाशीममध्ये ते मिळेना. यांनी सरांना शब्द दिला, की मी चिप बघून पाठवतो.

मी माल मागवला. डबा तोच आला, नंबर तोच, आतली चिप दुसरी. ते आले, भिंगातून बघितलं, मान हलवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माल आला तेव्हा जून महिना होता, ॲडमिशनची गर्दी होती, आणि एका कॉलेजच्या लॅबची मोठी ऑर्डर घेऊन तिथले गृहस्थ त्या शनिवारी सकाळीच यायचे होते. मी आदल्या दिवशी डबा फोडून बघितला. पुन्हा चुकीचीच चिप. मी दुकानाचं स्टिकर घेतलं, नेमकं चिपच्या अक्षरांवर चिकटवलं आणि जूनवर टिक केली.

पैशासाठी केलं नाही. कंटाळा आला म्हणून केलं. हे जास्त वाईट आहे की कमी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मनात म्हटलं, नाही चालला तर परत आणतील, तेव्हा बघू.

शनिवारी ते आले, तेव्हा कॉलेजचे गृहस्थ काउंटरशी उभे होते. साहेबांनी कोपरं टेकली, चष्म्याचं घर उघडलं. त्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "हा काय नमुना?" मी म्हणालो, "आमचा शनिवारचा कार्यक्रम." फार हळू म्हणालो नाही. साहेब खाली बघून हसले.

मी कार्ड पुढं केलं. "सकाळीच बघितली मी चिप. तुमचीच हाय. वरनं स्टिकर लागलंय, फाडू नका, वॉरंटी जाईल."

ते भिंग हातात धरून स्टिकरकडं बघत राहिले. सरकारी माणूस, छापलेलं मोडायचं नाही. मग त्यांनी भिंग घरात ठेवलं. "तुम्ही बघितलं म्हंजे मी बघितलं," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चिप न बघता वस्तू घेतली, आणि मला हायसं वाटलं.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्यापुढच्या शनिवारी आले, ते भिंग न काढता उभे राहिले. कार्ड वाशीमला पोचलं होतं. चाललं नाही म्हणून सरांनी स्टिकर सोलून बघितलं होतं. कांबळेसाहेबांनी खिशातून एक कागद काढला. सरांनी ते सोललेलं स्टिकर कागदावर चिकटवून पाठवलं होतं. दुकानाचं नाव माझं, जूनवरची टिक माझी.

"होलसेलवाल्याकडनंच तसं आलं असंल, न्हाई का?" त्यांनी विचारलं.

मला अजून ती वेळ आठवते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खरं बोलायला याहून सोपी वेळ कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, "व्हय. त्येनंच घोळ केला असणार."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "फसवलं म्हणा की तुमास्नी," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, आता हे येणार नाहीत. पण ते येत राहिले. फक्त एक बदल झाला. काही वस्तू बघायची असली, की ते भिंग माझ्यापुढं धरायचे. "तुम्हीच वाचा मालक. माझं डोळं गेलं." मी वाचायचो. त्यानंतर एकदाही खोटं वाचलं नाही, पण त्याला आता काय अर्थ होता? इंगळे सरांचं नाव त्यांच्या बोलण्यातून गेलं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

अशी पाच वर्षं गेली. ते निवृत्तीला आले. मग एके दिवशी कुणाच्यातरी जुन्या मोडेमसाठी मी इंटरनेटवर चिपचा नंबर शोधत होतो, आणि समोर त्या यादीचं जुनं पान आलं. त्यावर 'कोल्हापूर' दिसलं. इंगळे सरांनी लिहिलं होतं, की कोल्हापूरच्या एका दुकानानं चिप स्टिकरखाली लपवून फसवलंय. कांबळे, नाव स्टिकरवर मी वाचलंय, पण गिऱ्हाईक तुम्ही, तुम्हीच ते जाहीर करा, म्हणजे दुसरं कुणी फसणार नाही. त्याखाली कांबळेसाहेबांचं उत्तर होतं. त्यांच्या ऑफिसी इंग्रजीत, चार ओळी. चिप मी स्वतः भिंगातून बघितली होती, स्टिकर नंतर लागलं. वाचण्यात चूक माझी झाली. माझे डोळे आता भरवशाचे राहिलेले नाहीत, तरी यापुढं माझ्या सांगण्यावरून कुणी वस्तू घेऊ नये. दुकानदार सज्जन आहे.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तसाच बसून राहिलो. मग इंगळे सरांचा पत्ता शोधून त्यांना खरं काय ते लिहिलं. आठवड्यानं त्यांचं पत्र आलं.

"मला ते तेव्हाच कळलं होतं," सरांनी लिहिलं होतं. "तो माणूस चिप वाचायला चुकेल, हे शक्यच नव्हतं. तो खोटं बोलतोय म्हणून मी रागावलो. पत्र लिहून पुन्हा दुकानाचं नाव जाहीर करायला सांगितलं. त्यांनी काय उत्तर दिलं, ते तुम्हाला सांगतो. त्यांनी लिहिलं, सर, नाव जाहीर करायला सांगू नका. कोल्हापुरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस आहे. मग मीही हट्टानं लिहायचं बंद केलं. माझीही चूकच झाली. खाली माझा फोन नंबर देतो."

ती मधली ओळ मी बायकोला वाचून दाखवू शकलो नाही. घड्याळाची गंमत तिला माहीत होती ना.

शनिवारी साडेदहाला कांबळेसाहेब आले. काउंटरवर एक नवं कार्ड ठेवलं होतं. त्यांनी सवयीनं भिंग माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं, पण कार्डाला हात लावला नाही.

"साहेब, ते स्टिकर मी लावलतं. होलसेलवाल्याचा कायबी संबंध नव्हता."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "टिक उलटी हुती."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाई?"

"विचारलं की तुमास्नी, होलसेलवाल्याचं असंल न्हाई का म्हणून. तुम्ही व्हय म्हणला. मग आनी काय विचारायचं? आनी चूक माझी बी हुतीच. न बघता बघितलं म्हणून सरांना लिवलं. डोळं गेलं म्हणून एकदा सगळ्यांस्नी कळवल्यावर परत बघत बसणं बरं दिसत न्हाई. म्हणून तुमास्नी वाचाय लावत हुतो."

मला वाटत होतं, त्यांनी एकदा ओरडावं. कोल्हापूरचा माणूस, ओरडायला काय हरकत होती? मी सरांचं पत्र पुढं ठेवलं. त्यांनी ते हातभर लांब धरून, चष्म्याशिवाय, भिंगाशिवाय वाचलं. मधल्या ओळीशी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "सर बी काय काय लिवत्यात," असं काहीतरी पुटपुटले.

मी पत्राखालचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून दोनदा हॅलो आलं.

"सर, कांबळे बोलतोय. कोल्हापूर," ते शेवटी म्हणाले. आणि मग, "मोडेमचं काय झालं हो? चालू झाला का?"

त्यानंतर मी घड्याळाकडं बघितलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. बघितलं. सवय जात नाही. पाऊण तास ते बोलले, मधे दोनदा मोठ्यानं हसले, एकदा धोतराच्या सोग्यानं पुसावेत तसे शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. कंपनी बंद पडली तरी दोघंही अजून तीच सिस्टीम चालवत होते.

रिसीव्हर ठेवून त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मला आधी कळलं नाही.

"भिंग," ते म्हणाले.

मी दिलं. त्यांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली.

"मी वाचू का?" मी विचारलं.

"नको. आता मीच बघतो."

त्यांनी चिप वाचली. एकदा वाचली, मग कार्ड उजेडाकडं फिरवून पुन्हा वाचली, ओठ हलवत, एकेक अक्षर. मी त्यांच्या पांढऱ्या झालेल्या भांगाकडं बघत उभा होतो, आणि त्यांनी इतक्यात मान वर करू नये, असं मला वाटत होतं.